वर्षाचा तक्ता की दोन वर्षांचा? प्रश्नांसह रोजच्या बायबलवाचनाची पारख

डिसेंबर सरत आला की बेळगाव कॅम्पापासून खानापूर, निपाणी, चिकोडीपर्यंतच्या बऱ्याच ख्रिस्ती घरांत एक कागद येतो: नव्या वर्षाचा वाचनतक्ता. सोबत कधी प्रश्नांची पुस्तिका असते, कधी मंडळीच्या व्हॉट्सॲप गटावर रोज सकाळी येणारे दोन-तीन प्रश्न असतात. ही पारख त्या तक्त्यांची आणि त्याहून जास्त त्या प्रश्नांची आहे. तक्ता चुकला तर वाचन मागे पडतं, एवढंच. प्रश्न चुकले तर माणूस वर्षभर वाचूनही वचनाच्या बाहेरच राहतो.

आधी हिशेब. जुन्या करारात 39 पुस्तकं आणि 929 अध्याय, नव्या करारात 27 पुस्तकं आणि 260 अध्याय. एकूण 66 पुस्तकं, 1,189 अध्याय. 365 दिवसांनी भागलं की रोज सव्वातीन अध्याय येतात. कॅथलिक बायबलमध्ये पुस्तकं 73 आहेत, म्हणजे त्या घरांत रोजचा वाटा आणखी वाढतो. मंडळीत छापलेला 66 पुस्तकांचा तक्ता फातिमा कॅथेड्रलला जाणाऱ्या शेजाऱ्याला तसाच देऊ नये. त्याच्या बायबलमधली तोबीत, यूदीथ, मक्काबी ही पुस्तकं त्या तक्त्यात नसतात आणि एस्तेरचं पुस्तकही त्याच्याकडे मोठं असतं.

सर्वांत जास्त वापरला जाणारा तक्ता म्हणजे सरळ क्रम: उत्पत्तीपासून प्रकटीकरणापर्यंत, मधे कुठे वळण नाही. समजायला सर्वांत सोपा आणि टिकायला सर्वांत अवघड. उत्पत्तीचे 50 आणि निर्गमचे 40 अध्याय सव्वातीनच्या चालीनं 28 दिवसांत संपतात. म्हणजे जानेवारी संपायच्या आतच वाचणारा लेवीयच्या दाराशी उभा राहतो आणि फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत लेवीय आणि गणना यांतून चालत असतो. अर्पणांचे प्रकार, त्वचारोगाचे नियम, वंशांच्या शिरगणती. इथे हात सुटला तर तो वाचणाऱ्याचा आळस म्हणू नये, तक्त्याची रचनाच तशी आहे. शिवाय या क्रमात सुवार्ता हाती यायला ऑक्टोबरचा मध्य येतो. नव्यानं विश्वासात आलेल्या माणसाला येशूचं बोलणं ऐकायला नऊ महिन्यांहून जास्त थांबवणं बरं नव्हे.

दुसरा तक्ता रॉबर्ट मरे मॅकशेन यांचा. स्कॉटलंडमधल्या डंडी गावच्या सेंट पीटर्स मंडळीचे ते पाळक. 1842 साली त्यांनी आपल्या माणसांसाठी हा तक्ता तयार केला आणि 1843 च्या मार्चमध्ये वयाच्या 29 व्या वर्षी ते वारले. तक्ता मात्र अजून चालू आहे. रोज चार ठिकाणी वाचायचं. 1 जानेवारीला उत्पत्ती 1, मत्तय 1, एज्रा 1 आणि प्रेषितांची कृत्ये 1. यातले पहिले दोन रकाने घरच्यांबरोबर आणि उरलेले दोन एकट्यानं वाचायचे. वर्षात जुना करार एकदा, नवा करार आणि स्तोत्रसंहिता दोनदा पूर्ण होते. रचना फार सुंदर आहे. जगाची सुरुवात, येशूची वंशावळ, बंदिवासातून परतलेल्यांची सुरुवात आणि मंडळीची सुरुवात, या चारही एकाच दिवशी शेजारी बसतात. पुढे लेवीयचे दिवस आले तरी बाकीचे तीन रकाने तुम्हाला धरून ठेवतात.

पण याची किंमतही मोठी आहे. रोज चार, कधी पाच अध्याय म्हणजे मनात वाचायला 20 ते 25 मिनिटं, मोठ्यानं वाचलं तर त्याहून जास्त, आणि प्रश्नांचा वेळ वेगळा. मॅकशेननी स्वतःच तक्त्याबरोबर धोके लिहून ठेवले होते: केवळ रीत म्हणून वाचणं, आपण फार वाचतो याचा अभिमान, भराभर निष्काळजी वाचन आणि जड जोखड. सीमाभागात हा तक्ता घेणाऱ्यानं या चार ओळी तक्त्याच्या डोक्यावर लिहून घ्याव्यात. आणखी एक गोष्ट, चार रकाने असले तरी प्रश्न एकाच रकान्याला लावा. चारही अध्यायांवर प्रश्न सोडवायला गेलेला माणूस पंधरवड्यात दमतो.

नवशिक्यासाठी सर्वांत चांगला तक्ता तिसरा, आणि त्याचं गणित आपोआप जुळतं. नव्या कराराचे 260 अध्याय म्हणजे आठवड्याचे 5 दिवस, दिवसाला एक, असे बरोबर 52 आठवडे. शनिवार-रविवार मोकळे. मागे पडलेलं शनिवारी भरून काढा, रविवारी उपासनेला जा. एका अध्यायात सरासरी 30-31 वचनं, म्हणजे मोठ्यानं वाचूनही पाच-सहा मिनिटांचं काम. उरलेला वेळ प्रश्नांना. ज्या घरात आजवर रोजचं वाचन झालंच नाही तिथे दुसरा कुठलाही तक्ता देऊ नका.

आता ज्यासाठी हे लिहायला घेतलं ते: प्रश्न.

मार्गदर्शक प्रश्नाचं काम एकच. वाचणाऱ्याला पुन्हा वचनाकडे पाठवायचं. जो प्रश्न पुस्तक मिटून सोडवता येतो तो मार्गदर्शक नव्हे. "विश्वास म्हणजे काय?" याचं उत्तर रविवार शाळेत पाठ केलेल्या वाक्यानं देता येतं. "देव आपल्यावर प्रेम करतो का?" याला "हो" म्हटलं की संपलं. असे प्रश्न छापील पुस्तिकांत बरेच सापडतात. पुस्तिकांची आणखी एक सवय अडचणीची: आधी अर्धं पान विवेचन आणि मग प्रश्न. विवेचनातच उत्तर दिलेलं असल्यामुळे वाचणारा बायबल न उघडता पुस्तिकेतूनच उत्तर उतरवतो. अशी पुस्तिका असेल तर उपाय साधा आहे. विवेचनावर पोस्टकार्ड ठेवा, वाचनभाग बायबलमधून वाचा, प्रश्न सोडवा आणि शेवटी पोस्टकार्ड उचला.

सर्वांत मोठी चूक मात्र वेगळीच होते. प्रश्न पहिल्याच झटक्याला "आज माझ्यासाठी काय?" इथे उडी मारतो. यिर्मया 29:11 हे वचन किती भिंतींवर टांगलेलं दिसतं! देवाच्या मनात तुमच्या हिताचे संकल्प आहेत, अनिष्टाचे नाहीत. त्यावरचा नेहमीचा प्रश्न असतो, "देवानं तुमच्यासाठी कोणती चांगली योजना ठेवली आहे?" वाचणारा लिहितो: नोकरी, मुलीचं लग्न, घर. आता तेच वचन या तीन प्रश्नांनी वाचून पाहा. हे पत्र कोणाला लिहिलं आहे? (29:1 ते 4.) 29:10 मध्ये किती वर्षं सांगितली आहेत? आधीच्या अध्यायात हनन्या या खोट्या संदेष्ट्यानं किती सांगितली होती? (28:3.) उत्तरं येतात: बाबेलला नेलेल्या बंदिवानांना, 70 वर्षं, 2 वर्षं. ज्यांना हे पत्र वाचून दाखवलं त्यांतल्या बहुतेकांची हाडं बाबेलच्याच मातीत जाणार होती. त्यांना सांगितलं, घरं बांधा, मळे लावा, त्या शहराच्या शांतीसाठी प्रार्थना करा. एवढं कळल्यावर चौथा प्रश्न विचारा: या माणसांना हे वचन आशेचं कसं वाटलं असेल? आता उत्तर लिहायला वेळ लागतो, आणि तो लागायलाच हवा.

म्हणून प्रश्नांचं प्रमाण असं ठेवावं: दोन प्रश्न काय लिहिलं आहे याचे, एक अर्थाचा, एक जगण्याचा. चारच. पहिल्या दोघांची उत्तरं वचनक्रमांकासह लिहायची. तिसऱ्याचं एक-दोन वाक्यांत. चौथ्याचं उत्तर आज संध्याकाळपर्यंत करता येईल असं काहीतरी. "मी जास्त प्रेमळ होईन" हे चालत नाही. "ज्याच्याशी बांधाच्या भांडणावरून बोलणं बंद आहे त्याला आज हाक मारीन" हे चालतं.

चांगला निरीक्षणप्रश्न कसा असतो याचे नमुने देतो, कारण प्रश्न तयार करणाऱ्यांना हेच सर्वांत अवघड जातं.

मार्क 5: "12 हा आकडा या अध्यायात कुठे कुठे येतो?" उत्तर 5:25 आणि 5:42. बाईचा रक्तस्राव 12 वर्षं, याईराची मुलगी 12 वर्षांची. ज्या वर्षी त्या घरात पाळणा हलला त्याच वर्षी या बाईचं दुखणं सुरू झालं. हे सांगून कळत नाही, शोधून कळतं.

लूक 19: "जक्कय किती पटीनं परत देतो? निर्गम 22:1 आणि लेवीय 6:5 शी ताडून पाहा." जकातदार असलेला जक्कय म्हणतो चौपट. लेवीय 6 प्रमाणे आपण होऊन चूक कबूल करणाऱ्यानं मूळ रकमेवर पाचवा हिस्सा द्यायचा. चौपट हा चोरलेल्या मेंढराचा दंड. म्हणजे जक्कयानं कायद्यातली सवलत घेतली नाही, स्वतःला मेंढरचोराच्या रांगेत उभं केलं. जकातदार म्हणजे काय हे तर कोगनोळीच्या नाक्यावरून येणाऱ्या-जाणाऱ्यांना फार समजावावं लागत नाही.

एस्तेर: "या पुस्तकात देवाचं नाव कुठे आहे ते शोधा." 10 अध्याय वाचूनही ते सापडत नाही, कारण इब्री एस्तेरमध्ये ते नाहीच. मुलांना हा प्रश्न फार आवडतो. कॅथलिक घरात मात्र तो चालणार नाही. त्यांच्या एस्तेरमध्ये ग्रीक भाग जोडलेले आहेत आणि त्यांत देवाचं नाव आणि प्रार्थनाही आहेत. दोन्ही आवृत्त्या शेजारी ठेवता आल्या तर त्याहून चांगला धडा नाही.

गणना 7 हा 89 वचनांचा अध्याय कंटाळवाणा म्हणून ओलांडला जातो. 12 सरदार 12 दिवस तेच अर्पण आणतात आणि शास्त्र ते 12 वेळा जसंच्या तसं लिहितं. प्रत्येकाची चांदी 130 शेकेल आणि 70 शेकेल, सोनं 10 शेकेल. मुलांना बेरीज करायला सांगा आणि 7:85 व 7:86 शी ताळा घ्यायला लावा: चांदी 2,400, सोनं 120. मग अर्थाचा प्रश्न: "सगळ्यांचं सारखंच होतं तर एकदा लिहून 'बाकीच्यांचंही तसंच' का म्हटलं नाही?" देणगीच्या यादीत आपलं नाव 'इतर' मध्ये गेलं की काय वाटतं हे ज्याला ठाऊक आहे त्याला या प्रश्नाचं उत्तर सापडेल.

ज्यांना प्रश्न तयार करायला जमत नाहीत त्यांच्यासाठी तीन खुणांची पद्धत आहे, तिला स्वीडिश पद्धत म्हणतात. समासात पेन्सिलीनं दिवा, जिथे काही नवं उजळलं. प्रश्नचिन्ह, जिथे अडलं. बाण, जिथे काही करायला सांगितलं. पाच मिनिटांत सांगून होते आणि अक्षर कच्चं असलेल्यालाही जमते. तिचा दोष एवढाच की पंधरा दिवसांनी सगळे दिवे ओळखीच्या वचनांवरच लागतात. तेव्हा नियम करा: रोज किमान एक प्रश्नचिन्ह आलंच पाहिजे. कॅथलिक परंपरेतली चार पायऱ्यांची रीतही अशीच उपयोगी: वाचन, मनन, प्रार्थना आणि मग शब्दांशिवाय देवापुढे नुसतं बसणं. बाराव्या शतकातल्या गुइगो नावाच्या मठवासीयानं त्या पायऱ्या लिहून ठेवल्या. ती रीत स्तोत्रं आणि सुवार्ता यांना छान बसते. राजे आणि इतिहास यांना नाही. तिथे आधी कोण कोणाचा मुलगा ते लावल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

सीमाभागातली एक खास गोष्ट बाहेरून आलेल्या कुठल्याही पुस्तिकेत सापडणार नाही. इथल्या घरात आजीच्या हातात मराठी पवित्र शास्त्र असतं आणि कन्नड शाळेत जाणाऱ्या नातवाच्या हातात कन्नड सत्यवेद. बरेच जण याकडे अडचण म्हणून पाहतात. खरं तर दोन भाषा घरात असणं हे प्रश्नांसाठी मोठं भांडवल आहे. स्तोत्र 23 घ्या. मराठीत "परमेश्वर माझा मेंढपाळ आहे". जुन्या कन्नड सत्यवेदात "यहोवनु ननगे कुरुबनु". दोन प्रश्न लगेच उभे राहतात. एकीकडे 'परमेश्वर' आणि दुसरीकडे 'यहोवा' असं का? इब्रीतल्या चार अक्षरी नावाचं एका भाषांतरानं भाषांतर केलं, दुसऱ्यानं ते नाव तसंच ठेवलं. आणि 'कुरुब' म्हटल्यावर डोळ्यांसमोर कोण येतं? घोंगडी पांघरून, काठी घेऊन, शंभर-दोनशे मेंढरं रस्त्यानं नेणारा, रात्री शेतात मेंढरं बसवणारा माणूस. 'मेंढपाळ' हा शब्द पुस्तकी वाटत असेल तर 'कुरुब' किंवा 'धनगर' म्हटल्याबरोबर ते स्तोत्र जमिनीवर येतं. काठीचं काय काम, रात्री कोण जागतं, मेंढरू मागे राहिलं तर काय करतात, हे प्रश्न त्यालाच विचारता येतात.

उलटही होतं. 'सरवा' हा शब्द मराठी बायबलमध्ये लेवीय 19 आणि रूथ 2 मध्ये येतो. खानापूरकडच्या भातशेतीतल्या म्हाताऱ्या बायकांना तो माहीत असतो: कापणी झाल्यावर पडलेल्या लोंब्या वेचणं. बेळगाव शहरातल्या टिळकवाडीत वाढलेल्या मुलाला तो आजीकडूनच कळेल. इथे प्रश्न असा ठेवा: "लेवीय 19:9 मध्ये मालकाला काय करायला मना केलं आहे? रूथ 2:16 मध्ये शेताचा मालक बवाज त्याच्याही पुढे काय करतो?" नियम सांगतो, पडलेलं उचलू नका. बवाज सांगतो, पेंढ्यांतून मुद्दाम काही ओढून टाका. 2:17 ला रूथेकडे एफाभर धान्य जमतं, मापानं साधारण 22 लिटर. एका बाईनं एका दिवसात वेचलेला सरवा एवढा होतो का, हे आजीला विचारा. होत नाही, आणि तिथेच बवाजाचं मन दिसतं.

यातून प्रश्न लिहिणाऱ्यांसाठी एक नियम निघतो. प्रश्नात शब्द उद्धृत करू नका, अध्याय आणि वचन सांगा. "या वचनात 'कृपा' शब्द किती वेळा येतो" असं विचारलं की कन्नड वाचणारा आणि दुसरी मराठी आवृत्ती वाचणारा दोघेही अडतात. पंडिता रमाबाईंचं भाषांतर, जे त्यांच्या निधनानंतर 1924 साली पूर्ण छापलं गेलं, जुन्या घरांत कुठे असेल तर त्यातली शब्दयोजना आणखी निराळी. आणि आकडे नेहमी तेच असतात असंही नाही. काही आवृत्त्यांत मलाखीचे 4 ऐवजी 3 अध्याय आणि योएलचे 3 ऐवजी 4 असतात, मजकूर तोच. गटात कुणी "माझ्याकडे मलाखी 4 नाहीच" म्हणालं तर त्याचं बायबल फाटलेलं नाही, 3:19 पासून पाहायला सांगा.

मराठीतही काही शब्द अगोदर सोडवून घेतल्याशिवाय प्रश्न सुटत नाहीत. लेवीय सुरू करण्यापूर्वी वहीच्या एका पानावर पाच अर्पणं लिहून ठेवा: होमार्पण पहिल्या अध्यायात, अन्नार्पण दुसऱ्यात, शांत्यर्पण तिसऱ्यात, पापार्पण चौथ्यात, दोषार्पण पाचव्याच्या शेवटापासून. प्रत्येकापुढे तीन गोष्टी: काय आणायचं, काय जाळायचं, उरलेलं कोण खायचं. या एका पानानं लेवीयचे पहिले सात अध्याय हाती लागतात. शांत्यर्पणाचं मांस आणणाऱ्यानं घरच्यांबरोबर खायचं असतं हे कळलं की "शांती" या शब्दाला जेवणाच्या पंगतीचा अर्थ येतो. 'वल्हांडण' हा शब्दही असाच: निर्गम 12:13 मध्ये देव 'ओलांडून' जातो, त्यावरून तो बनला आहे. एवढं मुलांना एकदा सांगितलं की पुन्हा सांगावं लागत नाही.

साहित्याचं थोडक्यात. 200 पानी वही, रोज अर्धं पान. 365 दिवसांना 183 पानं लागतात. उरलेल्या 17 पानांवर मागच्या बाजूनं न सुटलेले प्रश्न तारखेसह लिहा आणि महिन्यातून एकदा पाळकांपुढे किंवा फादरांपुढे ठेवा. बायबलचा कागद फार पातळ असतो, जेल पेनाची शाई मागच्या पानावर उतरते. पेन्सिल किंवा साधं बॉलपेन वापरा, हायलायटर टाळा. मॅकशेनच्या चार रकान्यांना एक फीत पुरत नाही. जुन्या लग्नपत्रिकेच्या चार पट्ट्या कापा. खानापूर, जांबोटी, कणकुंबीच्या पावसाळ्यात पानं ओल धरून वळतात, तेव्हा जून ते सप्टेंबर बायबल खिडकीच्या फळीवर ठेवू नका.

मोबाइलवरचं ॲप फुकट असतं, अक्षर मोठं करता येतं, ऐकताही येतं. नजर कमी झालेल्यांसाठी ऐकणं हे वरदान आहे. रेंज जाते त्या गावांत मजकूर आणि आवाज आधीच उतरवून ठेवावा लागतो. पण प्रश्नांसाठी कागदच बरा. बोटानं सरकणाऱ्या पडद्यावर मागचं वचन शोधायला माणूस कंटाळतो, आणि "सलग 40 दिवस" असे आकडे दाखवणारं ॲप हळूहळू वाचनापेक्षा आकड्याची काळजी करायला शिकवतं. व्हॉट्सॲप गटाचा एक दोष नेहमीचा: सकाळी सहाला पहिला माणूस उत्तर टाकतो आणि बाकीचे आमेन म्हणून मोकळे होतात. गट चालवणाऱ्यानं दोन नियम लावावेत. उत्तरं रात्री आठनंतरच टाकायची आणि वचनक्रमांक नसलेलं उत्तर धरायचं नाही. चांगली चित्रं आणि सुविचार त्या गटावर नकोतच.

घरात संध्याकाळच्या प्रार्थनेबरोबर हे करायचं असेल तर 25 मिनिटं पुरतात. दोन मिनिटं प्रार्थना. दहा मिनिटं वाचन, तिघांनी वाटून, मोठ्यानं. आठ मिनिटं चार प्रश्न. पाच मिनिटं पुन्हा प्रार्थना, आणि ती चौथ्या प्रश्नाच्या उत्तरावरून. प्रश्न लहानापासून वर विचारत जा. वडीलधाऱ्यांनी आधी उत्तर दिलं की मुलं गप्प बसतात. ज्याला वाचता येत नाही त्याला निरीक्षणाचा प्रश्न वाचनाआधी सांगून ठेवा. तो कान देऊन ऐकतो आणि बहुतेक वेळा अचूक उत्तर त्याच्याकडूनच येतं.

मागे पडण्याचं काय? पाच दिवस चुकले की सरळ क्रमात 16 अध्याय थकतात, मॅकशेनमध्ये 20 च्या वर. ते एका रात्रीत वाचता येत नाहीत, आणि वाचलेच तर प्रश्न सुटत नाहीत. थकलेल्या अध्यायांना तक्त्यावर गोल करा आणि आजच्या तारखेवर या. ज्या तक्त्यात एकही रिकामा दिवस नाही तो तक्ता लग्नं, जत्रा, आजारपण आणि सुगी नसलेल्या माणसांसाठी बनवलेला आहे.

म्हणून संपूर्ण पवित्र शास्त्र प्रश्नांसह वाचायचं असेल तर या भागासाठी दोन वर्षांचा क्रमच योग्य. आठवड्याचे 6 दिवस, रोज 2 अध्याय. 99 आठवड्यांत 1,188 अध्याय होतात. उरतो एकच, आणि स्तोत्र 117 फक्त दोन वचनांचं असल्यामुळे ते 116 किंवा 118 बरोबर एकाच दिवशी वाचून होतं. स्तोत्र 119 चे 22 भाग आहेत, प्रत्येकी 8 वचनांचे. ते एका दिवसात उरकू नका. रोजच्या दोन अध्यायांशेवटी एकेक भाग जोडत 22 दिवस चालवा. स्तोत्रं सलग न वाचता शनिवारी दोन अशी ठेवली तर 75 शनिवार भरतात आणि जड पुस्तकांच्या आठवड्यातही शेवट गाण्यानं होतो.

क्रम सरळ ठेवू नका. उत्पत्ती आणि निर्गम झाल्यावर मार्क घ्या. लेवीयच्या पाठोपाठ लगेच इब्री लोकांस पत्र. दोन्ही मिळून 40 अध्याय, 20 दिवस, आणि लेवीय 16 चा प्रायश्चित्ताचा दिवस इब्री 9 मध्ये पुन्हा भेटतो तेव्हा वहीतलं जुनं पान उलटून पाहायचा मोह आवरत नाही. पहिला इतिहास सुरू करताना 1 ते 9 या वंशावळीच्या अध्यायांना एकच प्रश्न ठेवा: कोणत्या नावापुढे यादी थांबून काही सांगते? 4:9 ला याबेस सापडेल. यहेज्केल 40 ते 48 ची मोजमापं वाचताना कागदावर आराखडा काढा, नाहीतर डोळे नुसते ओळींवरून जातील. डिसेंबरमध्ये मूळ क्रम थांबवून लूक घेता येतं: 24 अध्याय, 1 तारखेला सुरू केलं की नाताळच्या आदल्या रात्री शेवटचा. त्या महिन्यात रविवारही वाचनाचा धरावा लागेल.

दोन वर्षांचे आठवडे 104. 99 वाचनाचे, 5 शिल्लक. ते तक्त्यावर आधीच रिकामे सोडा. खानापूरकडे दोन्ही वर्षी रोप लावणीच्या वेळी एकेक आणि भात मळणीला एकेक, पाचवा घरातल्या लग्नासाठी. निपाणी-चिकोडीकडे ऊसतोडीच्या तारखा हातात आल्यावर ठरवा. त्या आठवड्यांत नवं वाचन नाही, फक्त वहीतली मागची प्रश्नचिन्हं वाचायची.